कवळी डब्यात का राहते?

हिरड्यांच्या विकारांवरील लेख वाचून खोपोलीच्या एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. आईला हौसेने वरची-खालची अशी पूर्ण कवळी करून दिली, तिने ती चार दिवस घातली, आणि आज दोन वर्षे ती फडताळात डब्यात पडून आहे, असे ते लिहितात. शेवटी त्यांचा रोखठोक सवाल आहे, की म्हातारपणी कवळीचा खरोखरच काही उपयोग असतो, की आम्ही नुसते दातांच्या डॉक्टरांचे घर चालवतो? कर्जतला तीस वर्षांहून अधिक काळ मी दातांचाच दवाखाना चालवीत असल्यामुळे सवालाचा दुसरा भाग मला थेट लागू पडतो. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. कार्तिकी एकादशीला साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, हे खालापूर-खोपोलीकडच्या वाचकांना सांगायला नको. एका वर्षी त्या यात्रेहून एक आजोबा थेट माझ्याकडे आले. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, त्यामुळे त्यांचा नंबर लागण्याआधीच त्यांच्या येण्याची वर्दी आत पोचली होती. बोंबील कोणासाठी घेतले, असे मी सहज विचारले. "घरच्यांसाठी. मी आपला कालवणात भात कुस्करून खातो." कवळी नाही का, असे विचारल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून दाखवली. यात्रेत चार माणसे भेटतात म्हणून ते ती घालून गेले होते. जेवायची वेळ झाली तशी काढून खिशात ठेवली.

चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो. इथे बोंबीलही होते आणि दातही होते, पण दात खिशात! असे रुग्ण मला अधूनमधून नव्हे, तर सतत भेटतात. लग्नाला, फोटोला, जावयाच्या घरी जाताना कवळी तोंडात आणि ताटावर बसताना वाटीत. चालताना काढून ठेवायची काठी कोणी विकत घेईल का?

आपला मुलूख भाताचा आहे, त्यामुळे ही गोष्ट घरात लवकर लक्षात येत नाही, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. घाटावर ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरात म्हाताऱ्या माणसाचे दात गेले की दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. आपल्याकडे पेज आहे, मऊ भात आहे, वरण आहे. तांदळाची भाकरीही गरम असेपर्यंत मऊ असते आणि शिळी झाली तर चहात बुडवता येते. दातांवाचून वर्षानुवर्षे निभावते. पण ताटातून एकेक जिन्नस निघून जातो. आधी शेंगदाणे आणि पेरू जातात. मग काकडी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजीचे देठ, मटणाचा तुकडा. हिवाळ्यात शेतावर पोपटी लागते तेव्हा सगळे शेंगा सोलून वाल खात बसतात आणि आजोबा "मला नको, पोटाला बाधते" म्हणून बाजूला सरकतात. बाधत काहीच नसते. उरतो भात आणि चहात बुडवलेले बिस्कीट. मधुमेहाच्या रुग्णाला यापेक्षा वाईट आहार मी सांगूनही सुचवू शकणार नाही. सून कौतुकाने सांगते, "सासूबाईंचं काही मागणं नसतं, वरणभात दिला की झालं." हे ऐकले की मी आता सासूबाईंना तोंड उघडायला सांगतो.

आता कवळी दुखते का, हलते का, ते पाहू. पूर्ण कवळीत साधारणपणे अठ्ठावीस दात असतात. दिसायला ते तुमच्या-आमच्यासारखेच. पण नैसर्गिक दात हाडात रोवलेले असतात, कवळी ओल्या हिरडीवर नुसती टेकलेली असते. त्यामुळे पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच राहतो. वरची कवळी टाळू झाकते, लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून बसते, म्हणून तिची तक्रार कमी. खालची मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराची, अरुंद. तिला टेकायला जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, आणि मध्ये जीभ सतत वळवळत असते. त्यात भर म्हणजे दात काढल्यावर ज्या हाडात ते होते ते हाड झिजत जाते. पहिल्या वर्षी भराभर आणि पुढे हळूहळू, पण जन्मभर. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात पंचवीस वर्षे कवळी वापरणाऱ्यांची हाडे मोजली होती. खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजल्याचे त्यात आढळले. म्हणजे कवळी तीच राहते, तिच्याखालची जमीन खचते. आमच्याकडे लोक म्हणतात, "डॉक्टर, कवळी सैल झाली." कवळी सैल होत नाही. तोंड बदलते.

एवढे शास्त्र मला पदवी घेतानाच ठाऊक होते. तरीही माझ्या हातून एक चूक बरीच वर्षे घडत राहिली, ती इथे कबूल करतो.

कशेळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या बाई होत्या. वैशाखात त्यांच्या मुलाने आणून सोडले. पाच खेपा झाल्या. मापे घेतली, मेणाचे ठोकळे बसवून जबड्यांचा मेळ घेतला, मेणात लावलेले दात तोंडात घालून दाखवले आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीला कवळी दिली. आरशात पाहून बाई लाजल्या, मुलगा खूश झाला. "टोचलं तर या," असे मी नेहमीप्रमाणे सांगितले. पुढे त्या आल्या नाहीत. मी समजलो, सर्व ठीक आहे. जो रुग्ण परत येत नाही तो बरा झाला, असे मानण्याची आम्हा डॉक्टरांना मोठी वाईट खोड असते.

दिवाळीनंतर नातवाचा दात दाखवायला त्या आल्या, त्या पदराने तोंड झाकूनच. कवळी दुसऱ्याच आठवड्यात टोचू लागली होती. तोवर पाऊस लागला, लावणी सुरू झाली. घरातला प्रत्येक हात चिखलात. म्हातारीला टमटममध्ये घालून कर्जतला कोण आणणार? मग बेणणी, मग कापणी. पाच महिने कवळी स्टीलच्या डब्यात. मी ती तोंडात बसवून पाहिली. खाली डाव्या बाजूला, जिभेकडच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढा भाग जास्त होता. तो घासून गुळगुळीत करायला मला पाच मिनिटेही लागली नसतील. पण तेवढ्या काळात बाईंनी कवळीशी कायमचे वैर धरले होते, आणि ते घासायला माझ्याकडे यंत्र नव्हते. पुढे तीन-चार वेळा बोलावून, आधी मऊ भात, मग भाजी, मग भाकरी, असे लहान मुलासारखे शिकवावे लागले.

तेव्हापासून दोन गोष्टी मी बदलल्या. एक म्हणजे शेतकरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कवळी, तातडी नसेल तर, मी पावसाच्या तोंडावर देत नाही. झोडणी आटोपली की या, असे सांगतो, कारण कवळी दिल्यानंतरचे पहिले दोन महिनेच कसोटीचे असतात. दुसरी म्हणजे प्रश्न. पूर्वी मी "कवळी बसते का?" असे विचारीत असे आणि "बसते" असे उत्तर मिळत असे. बसतेच ती! आता मी "काल काय काय खाल्लं?" असे विचारतो.

हे काही माझे एकट्याचे शहाणपण नाही. अमेरिकेत ॲचिसन आणि डोलन या दोन अभ्यासकांनी १९९० साली वृद्धांसाठी बारा प्रश्नांची एक यादी तयार केली, ती आज जगभर वापरतात. त्यात किती दात आहेत, कीड किती, असे काहीही नाही. तोंडामुळे काही पदार्थ सोडावे लागले का, गिळायला त्रास होतो का, बोलताना अडते का, चारचौघांत खायला संकोच वाटतो का, लोकांत जाणे टाळता का, असे साधे सवाल आहेत. हे बारा प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही. सून विचारू शकते, अंगणवाडीची बाई विचारू शकते. उत्तरे मात्र म्हाताऱ्या माणसाला एकट्याला बसवून घ्यावीत. सर्वांसमोर विचारले तर "मला काही त्रास नाही" हेच उत्तर येते.

संकोच हा खाण्याइतकाच मोठा विषय आहे. दात गेले की "स", "फ", "त", "द" ही अक्षरे फिस्कटतात. भजनात टाळ धरून पुढे बसणारा माणूस मागे भिंतीशी जाऊन बसतो. फोनवर बोलायला नको म्हणतो. घरची माणसे समजतात, कानाने कमी ऐकू येते.

बायकांचे हाल आणखी निराळे. प्रत्येक बाळंतपणाला एक दात जायचाच, असे अजून ठामपणे सांगणाऱ्या बायका मला भेटतात. बाळ आईच्या दातातले कॅल्शियम ओढून घेत नाही. दात जातात ते हिरड्यांच्या आजाराने आणि किडीने, आणि त्यात मशेरीने हिरड्या सरकतात. पण एकदा नशिबावर घातले की उपाय करायचा प्रश्नच येत नाही. एकाच घरात नवरा-बायको दोघे बोळके असले तर कवळी आधी नवऱ्याची होते, हे मी पाहत आलो आहे. एकदा चौकच्या बाजूच्या एक आजी आल्या. पिशवीतून कवळी काढून म्हणाल्या, "आमच्या ह्यांची आहे. त्यांना छान बसायची. मला बारीक करून द्या." यजमान जाऊन सहा महिने झाले होते. कवळी दुसऱ्याच्या तोंडाला बसवता येत नाही, तिच्यात ज्याच्या-त्याच्या हिरडीचा ठसा असतो, हे मी समजावले. त्या कवळी परत पिशवीत ठेवून उठल्या. नवीन करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही त्या दिवशी काढला नाही, याची मला आजही रुखरुख वाटते.

कवळीपेक्षाही ज्याने माणसाचे जगणे पालटते असे एक साधन आहे, त्याचे नाव ऑब्च्युरेटर. वरच्या जबड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करून टाळूचा भाग काढावा लागतो. मग तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहते. पाणी प्यावे तर नाकातून येते, आणि बोलणे कोणालाच कळत नाही. अशा वेळी ते भोक बुजवणारी, पुढे दात लावलेली पट्टी करून देतात. खोपोलीच्या एका कारखान्यातल्या कामगारावर परळच्या टाटा रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झाली. पट्टीही तिथेच झाली, माझ्याकडे ते केवळ उरलेले दात सांभाळायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पट्टी काढायला सांगितली. काढल्यावर ते जे बोलले त्यातले एक अक्षर मला समजले नाही. पट्टी परत बसवली आणि म्हणाले, "बघा, आता मी परत मी झालो." त्यांच्या पत्नीने सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर दोन महिने ते घरात पाटीवर खडूने लिहून बोलत होते. धाकट्या मुलीला वाचता येत नव्हते, त्यामुळे तिच्याशी बोलणेच बंद होते. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, हे वाक्य लिहिताना मात्र माझे मलाच हसू येते. दवाखान्यासमोरच्या गटारात रोज पुड्या दिसतात.

आता माझे मत सांगतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. गरीब वृद्धांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्याबरोबर कृत्रिम दात देण्याचीही तीत तरतूद आहे. दातांना यादीत जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण काठी उंची बघून देता येते, चष्मा नंबर बघून. कवळी वाटण्याची वस्तू नाही. ती त्याच तोंडावर घडवावी लागते आणि दिल्यानंतर त्याच तोंडावर पुन्हा पुन्हा घासावी लागते. आपल्या भागात होणाऱ्या एका शिबिरात मी स्वतः हौसेने काम केले आहे. कोणते, ते सांगण्यात हशील नाही. सकाळी मापे, पंधरा दिवसांनी कवळ्यांचे वाटप, हारतुरे, फोटो. पुन्हा कोणी फिरकले नाही, मीसुद्धा. वर्षभराने त्याच गावात गेलो तर ज्यांना कवळ्या दिल्या त्यांतले बरेच जण पोपट बोलतो तसे हिरड्यांवर हिरड्या आपटून माझ्याशी बोलत होते. आम्ही कवळ्या मोजल्या होत्या, जेवणारी तोंडे मोजली नव्हती.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की शंभर कवळ्यांऐवजी तीस करा, पण दिल्यानंतर आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच गावात परत या. तेवढे जमत नसेल तर कवळ्यांचे शिबिर घेऊ नका, दात तपासा आणि जा. आणि सरकारी व्यवस्थेकडे मागणे असे, की तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातला एक ठरावीक दिवस कवळ्या दुरुस्त करण्यासाठी ठेवावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, चौकला आणि कशेळ्याला ग्रामीण रुग्णालये आहेत. लहान फिरते यंत्र, ॲक्रिलिक घासायची दोन-तीन टोके आणि एक शिकलेला हात, एवढ्यावर हे काम होते. कवळी कोणी केली, कुठे केली, हे विचारू नये. बाजाराचा दिवस धरला तर गाडीभाड्याचाही प्रश्न सुटतो.

यंत्र नाही म्हणून लोक स्वतः उपाय करतात, तेही सांगायला हवे. पॉलिशपेपरने घासलेली, सोनाराकडून कानशीने कोरून आणलेली, झटपट गोंदाने जोडलेली, अशा कवळ्या माझ्याकडे येतात. कृपया तसे करू नये. चुकीच्या जागी घासलेली कवळी पुन्हा बसत नाही. तसेच, "एका दिवसात पक्के दात" म्हणून उरलेल्या दातांना ॲक्रिलिक चिकटवून देणाऱ्यांपासून दूर राहा. कायद्याने नोंदणी नसलेल्याला हा व्यवसाय करता येत नाही. अशा न निघणाऱ्या दातांखाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

कवळी रोज मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवावी. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. रात्री काढून पाण्यात ठेवावी. "रात्री काढली तर हिरडी वाढते" हा गैरसमज आहे. उलट रात्रंदिवस कवळी घातल्याने टाळूला बुरशी येते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील लोकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे त्यात दिसले. आणि मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. वरच्या कवळीने टाळू झाकली जाते, काटा पूर्वीसारखा जाणवत नाही. पहिला महिनाभर काटेरी मासळी जपून.

खालची कवळी काही केल्या ठरत नसेल तर जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर ती अडकवता येते. कॅनडात २००२ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन, खालच्या पूर्ण कवळीसाठी हाच पहिला उपाय मानावा, असे मत दिले. उपाय उत्तम आहे, पण खर्चिक आहे. मधुमेह ताब्यात नसेल आणि तंबाखू सुटत नसेल तर मी तो सुचवत नाही. बहुतेकांचे काम साध्या कवळीने आणि चार जादा खेपांनी होते, हा माझा अनुभव आहे.

तर खोपोलीच्या वाचकांना उत्तर. आईला घेऊन या. दोन वर्षांत हिरडी बदलली असणार, कदाचित आतून नवा थर द्यावा लागेल, कदाचित कवळी नवीनच करावी लागेल, ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. येण्याआधी आदल्या दिवशी चार-पाच तास त्यांनी ती घालावी, म्हणजे टोचते कुठे त्याची खूण हिरडीवर दिसेल. फारच दुखले तर काढावी, जबरदस्ती करू नये. सकाळच्या खोपोली लोकलने या, गर्दी कमी असते. आणि बरोबर घरची भाकरी-भाजी बांधून आणा. त्यांनी माझ्यासमोर बसून जेवायचे आहे.